पुलाच्या मापाची गाडी

भुवना पावसापुरती माहेरी गेली होती. पाऊस संपला, पोंगल झाला, उन्हानं कालव्याच्या तळाला भेगा पडल्या, तरी ती परत आली नाही. भांडण झालं नव्हतं, आणि तेच अवघड होतं. भांडण असतं तर चार शहाण्या माणसांना मध्ये घालून मिटवता आलं असतं. नाणलूरचे लोक सदाशिवरावांना विचारत, सून कुठं, आणि ते म्हणत, शाळेचं काम आहे. शाळेला उन्हाळी सुट्टी लागली तेव्हा तेही उत्तर संपलं.

तिरुवैयारूहून तंजावूरला जाणाऱ्या डांबरी सडकेवर चिंचेचा फाटा आहे. सरळ गेलं की तंजावूर, डावीकडे वळलं की नाणलूर. डावीकडचा रस्ता काळ्या मातीचा. उन्हाळ्यात तो दगडासारखा कडक, आणि ऐप्पसीचा, म्हणजे आश्विन-कार्तिकातला पाऊस सुरू झाला की त्याच्यात गेलेली चप्पल तो परत देत नाही. वाटेत एक कालवा आणि त्याच्यावर बैलगाडीच्या मापाचा दगडी पूल. गावात मराठी बोलणारं घर सदाशिवरावांचं एकटंच. तंजावूरच्या मराठी राजांच्या वेळी पूर्वजांना जमीन मिळाली आणि ते इथल्या चिखलात कायमचे रुतले, असं ते स्वतःच म्हणत.

भुवना त्यांची सून. तिरुवैयारूच्या मुलींच्या शाळेत ती गणित शिकवायची. मागच्या पावसात रोज साडी गुडघ्यापर्यंत खोचून, चपला हातात घेऊन ती फाट्यापर्यंत चालत जायची, बस धरायची आणि उशिरा पोचून शाळेच्या हापशावर पाय धुवायची. प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुली तिच्या चिखलानं भरलेल्या पोटऱ्यांकडे पाहायच्या. एक दिवस मुख्याध्यापिकेनं सगळ्यांदेखत विचारलं की, टीचर घरून येता की भाताची लावणी करून येता. मुली हसल्या. त्या संध्याकाळी भुवना फाट्यावर उतरलीच नाही. तशीच बसमध्ये बसून तंजावूरला, राजवाड्यामागच्या गल्लीत वडिलांच्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी निरोप आला की पाऊस आहे तोवर इथंच राहते. नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि पुढच्या पावसात असाच उशीर होत राहिला तर ती कायम होणार नाही, हे तिला स्पष्ट सांगून झालं होतं.

सदाशिवरावांची बायको गंगाबाई हिला यात काहीच कोडं दिसत नव्हतं. "सून नोकरी सोडली की अस्कं सुटतं, सगळं सुटतं," ती ताटात सांबार वाढता वाढता म्हणायची, आणि डाव परत भांड्यात आपटायची. समोर जेवत असलेला कार्तिकेय, म्हणजे भुवनाचा नवरा, मान खाली घालून भात कालवत राहायचा. पोरगा कामाला वाघ होता. खाचरात पाय टाकला की पाणी किती झालं ते तळव्यानं सांगायचा. पण आईपुढं त्याची जीभ टाळूला चिकटायची ती चिकटायचीच. दर रविवारी तो तंजावूरला जायचा, सासऱ्याच्या घरी पाहुण्यासारखा खुर्चीवर बसायचा, पेल्यातून कॉफी प्यायचा आणि परत यायचा. काय बोलणं झालं विचारलं तर म्हणायचा, बरी आहे.

सदाशिवरावांना सुनेची आठवण यायची. हे सरळच सांगितलेलं बरं, कारण त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून ती मुलींचे पेपर तपासायची आणि मध्येच त्यांना विचारायची, मामंजी, पेरलेल्या एका मापाचं पीक किती होतं, आणि तुम्ही सांगता ते खरं कशावरून. मग दोघं दिवेलागणीपर्यंत वाद घालायचे. त्या घरात साठीच्या माणसाला कुणी काही विचारत नव्हतं, ही विचारायची. ती गेल्यावर ओट्यावर बसणं त्यांनी सोडून दिलं.

वैशाखात एक दिवस ते पुलावर गेले, कळकाची काठी दोन्ही कठड्यांच्या मध्ये आडवी धरली आणि विळ्यानं बरोबर मापात कापली. घरी येऊन म्हणाले, या काठीच्या आत मावेल आणि चिखलातून निघेल अशी गाडी आणतो. सुनेला रोज फाट्यापर्यंत सोडायचं, आणायचं. गंगाबाई म्हणाली, नाकापेक्षा मोती जड. पण तोवर म्हातारे बैल गाडीसकट विकले गेले होते आणि फाट्याजवळची नारळाची बागही जायला टेकली होती. पैशाचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आपणही विचारू नये.

मग सुरू झाली ती शोधाशोध. ती वर्षं अशी होती की तंजावूरच्या भिंतीभिंतीवर नव्या गाड्यांच्या जाहिराती लागल्या होत्या, आणि काल मोपेडवर फिरणारे लोक आज मोटारीचं बोलायचे. सदाशिवराव वेष्टी नेसून, खांद्यावर अंगवस्त्र आणि हातात काठी घेऊन तिरुच्चीच्या एका मोठ्या दुकानात गेले. टाय बांधलेल्या पोरानं आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग खालच्या फरशीकडे. त्यानं एक गुळगुळीत, लाल, छोटी गाडी दाखवली आणि सांगितलं की आता सगळे हीच घेतात. सदाशिवरावांनी खाली वाकून तिच्या पोटाखाली हात घातला, तो वीतभरसुद्धा गेला नाही. त्यांनी काठी आडवी धरून माप घेतलं तसा पोरगा धावत आला की रंगाला चरा पडेल. म्हातारा माणूस शरमला. काठी पाठीमागं धरून ते बाहेर पडले आणि दुपारच्या उन्हात बसस्टँडवर जाऊन बसले.

मोठ्या जिपा मिळत होत्या. चिखलाला त्या भीत नव्हत्या, पण काठीत बसत नव्हत्या. लहान गाड्या काठीत बसायच्या, पण त्यांचं मागचं नाहीतर पुढचं, एकच चाकांचं जोडपं ओढायचं. काळ्या मातीत त्या गेल्या की तिथंच त्यांची समाधी. जुन्या गाड्यांच्या अड्ड्यांवर लोक त्यांना ओळखायला लागले. काठीवाले अय्या, म्हणजे काठीवाले मालक आले, म्हणायचे.

शेवटी तंजावूरच्या शेषगिरीनं गाडी शोधली. शेषगिरी मोटारदुरुस्तीवाला, आपल्यातलाच, मराठी बोलणारा. येरकाडच्या एका कॉफीमळ्याची पांढरी जिप्सी विकायची होती. मालक म्हातारा झाला होता. आवणी महिन्यात, श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास, दोघं बापलेक शेषगिरीबरोबर डोंगरावर गेले. सदाशिवरावांनी धुक्यात गाडीला काठी लावली. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जागा उरली. त्यांनी काठी गाडीतच ठेवून दिली.

हिची गंमत अशी की सडकेवर ही मागच्या दोन चाकांनी चालते, आणि हवं तेव्हा, फक्त हवं तेव्हाच, चारही चाकांनी ओढते. शेषगिरीनं नदीच्या वाळूत करून दाखवलं. पुढच्या दोन चाकांच्या मधोमध एकेक चकती होती, डब्याच्या झाकणाएवढी. चिखल आला की खाली उतरायचं, दोन्ही चकत्या हातानं फिरवायच्या, मग आत बसून लहान दांडा ओढायचा. चकत्या न फिरवता नुसता दांडा ओढला तर पुढची चाकं ओढत नाहीत. सडकेवर आलं की परत उलटं फिरवायचं. हे सगळं त्यानं कार्तिकेयला शिकवलं, कारण गाडी तो चालवणार होता. सदाशिवराव तेव्हा वाळूत उभे राहून चारी चाकं कशी वाळू उडवत निघतात तेच बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि डोळे भरले की माणसाला ऐकू कमी येतं.

चाकांखाली लिंबं ठेवून ती चिरडत गाडी पुलावरून अंगणात आली तेव्हा सगळा गाव कालव्यावर उभा होता. कठडे आणि गाडी यांच्यामध्ये हात घालायला जागा नव्हती. गंगाबाईनं आरती ओवाळली, पण म्हणाली, "हे सुनेसाठी. मी तीस वर्षं चालत गेलें, माझ्यासाठी कोणी काय आणलं नाही." सदाशिवराव गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

त्या वर्षी पाऊस लांबला. आयुधपूजा, म्हणजे खंडेनवमी, कोरडीच आली. त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार, विळे, कुदळी, पहारी, धुऊन पुसून, चंदनकुंकू लावून मांडून ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. या घरची आणखी एक रीत होती. आदल्या दिवशी बैलगाडी रंगवायची. चाकाच्या मध्यावरचा लाकडी तुंबा तांबडा, भोवती हिरवं कडं. सदाशिवराव हे काम स्वतः करत, त्यांचे वडील करत आणि त्यांचेही वडील. आता गाडीच नव्हती. पण गाडी होती की. तैलरंगाचे दोन डबे अर्धे भरलेले अडगळीत होतेच. लोखंडाला रंग नसला की पावसात गंज चढतो, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी उकिडवं बसून, नाक चाकाला लागेल इतकं जवळ जाऊन, पुढच्या दोन्ही चाकांच्या मधल्या चकत्या तांबड्या केल्या. कडेची खाच नीट भरली जावी म्हणून दोन हात दिले. मग हिरवं कडं काढलं. काम संपल्यावर ते मागे सरून कितीतरी वेळ बघत बसले. जुन्या गाडीची चाकंच नव्या गाडीला लावल्यासारखी दिसत होती.

कार्तिकेय शेतावरून आला आणि दारात थबकला. त्यानं चकत्या पाहिल्या. चकत्या कशासाठी आहेत ते त्या घरात त्याला एकट्यालाच माहीत होतं. तो तोंड उघडणार तेवढ्यात सदाशिवरावांनी विचारलं, कसं दिसतंय. कार्तिकेय म्हणाला, छान.

दीपावळीला भुवना आली. सदाशिवराव स्वतः तंजावूरला जाऊन तिच्या वडिलांशी बोलले होते. ठरलं असं की सण करायचा आणि सोमवारी इथूनच शाळेत जायचं. पावसातही शाळा वेळेवर गाठता आली तर ती राहील. गाडी पुलावरून आली तेव्हा भुवनानं दोन्हीकडे वाकून पाहिलं. सासऱ्यांनी काठी दाखवली. "ही काठी घेऊन तिरुच्चीत फिरलांत?" तिनं विचारलं, आणि ती हसली. ते हसणं ऐकून सदाशिवरावांना वाटलं, बाग गेली ती सत्कारणी लागली.

रविवारी पहाटे तेल लावून अंघोळी चालल्या असतानाच पाऊस सुरू झाला आणि दिवसभर थांबला नाही. दुपारी शेजारच्या बायका फराळाची ताटं घेऊन आल्या. गंगाबाई त्यांना तमिळमध्ये सांगत होती की सून आता राहायलाच आली, नोकरी काय, पोंगलपर्यंत सोडूनच देईल. भुवना तिथंच चकलीसारखे मुरुक्कू वाढत होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा फटाक्यांचे कागद गोळा करत होता, ते त्यानं आणखी मन लावून गोळा केले.

सोमवारी सकाळी पाऊस बारीक होता पण वारा होता. भुवनानं कडक इस्त्रीची निळी साडी नेसली होती. मांडीवर शाळेची पिशवी, शेजारी डबा धरून सदाशिवराव. पूल पार झाला. पुलापुढं वळणावर दर वर्षी जिथं बैलगाडी अडायची तिथं रस्ता काळा, चकचकीत झाला होता. कार्तिकेयनं गाडी थांबवली, अंगावर पोतं घेऊन उतरला आणि पुढच्या चाकाशी वाकला. बराच वेळ वाकलेला होता. मग दुसऱ्या चाकाशी गेला. परत येऊन बसला तेव्हा त्याच्या बोटांची सालं निघाली होती. त्यानं दांडा ओढला आणि गाडी चिखलात घातली.

पाच-सात हात गेली आणि बसली. मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरून खाली खाली जात होती; पुढची दोन्ही, तांबडी-हिरवी, ढिम्म होती. कार्तिकेयनं जोर दिला तसा मागून चिखलाचा फवारा उडाला. वासानं कळलं की काहीतरी जळतंय.

सदाशिवराव बाहेर डोकावून म्हणत होते, चार ओढतात ना, चार का ओढत नाहीत. कार्तिकेयनं इंजिन बंद केलं. पावसाचा आवाज मोठा झाला. "चकत्या फिरत नाहीत," तो पुढं पाहतच म्हणाला. "रंगानं बसल्यात."

सदाशिवरावांना आधी कळलं नाही, आणि कळलं तेव्हा ते एकदम म्हातारे दिसले. हातातला डबा त्यांनी पायाशी ठेवला.

"तुम्हाला ठाऊक होतं?" भुवनानं नवऱ्याला विचारलं.

"होतं."

"कधीपासून?"

"मी पाहिलों रंगवल्यावर. अप्पा आनंदात होते. सांगिटलों नाही."

भुवनानं काही क्षण त्याच्या मानेकडे पाहिलं. "तुम्ही कधीच सांगत नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, आणि म्हणून तो त्याला जास्त लागला.

तिनं साडी खोचली आणि उतरली. चिखलात पिंढऱ्यांपर्यंत गेली, तशीच गाडीला धरत पुढच्या चाकाशी पोचली. वाकून पाहिलं. चकतीच्या कडेची खाच तांबड्या रंगानं गच्च भरली होती, वर हिरवं कडं. तिनं पिशवी मागवून घेतली, आतून कंपासपेटी काढली आणि दोन टोकांचं कर्कटक घेऊन खाचेत टोक घातलं. रंगाची साल निघाली, नखाएवढी. मग दुसरी. मुलींना वहीत अंतर मोजायला शिकवतात ते टोक, ती लोखंडी खाचेतून अंगठ्यानं दाबून ओढत होती आणि पाणी तिच्या केसांतून पाठीत उतरत होतं.

सदाशिवराव दुसऱ्या चाकाशी जाऊन चिखलात गुडघे टेकून बसले. त्यांच्याजवळ नारळ सोलायचा सुरा होता. ज्या हातांनी रंग भरला त्याच हातांनी ते काढत होते. एकदा सुरा निसटून बोटाला लागला. रक्त आणि रंग एकच दिसायला लागलं. "पोरी," ते चाकापलीकडून म्हणाले, "मी बुद्धी नसलेला माणूस." भुवना म्हणाली, मामंजी, तुमच्या बाजूची वरची कड राहिली असेल, तिथं बघा. त्यांना तेवढं पुरलं.

कार्तिकेय पक्कड घेऊन उभा होता. खाच मोकळी झाल्यावर त्यानं जोर लावला. एक चकती करकरली आणि वळली. दुसरीही वळली. दांडा ओढल्यावर गाडी आधी नुसती हलली, मग पुढची चाकं चिखलात दात रोवल्यासारखी चढली आणि ती निघाली. जशी नदीच्या वाळूत निघाली होती तशीच निघाली. पण या वेळी कुणाचेही डोळे आनंदानं भरले नाहीत.

फाट्यावरची बस निघून गेली होती; गाडीनंच शाळेत पोचेपर्यंत प्रार्थना होऊन पहिला तास लागला होता. वरातीमागून घोडं. भुवनानं हापशावर पाय धुतले. साडीवर कमरेपर्यंत चिखल, अंगठ्यावर तांबडा रंग. मुख्याध्यापिका व्हरांड्यात उभी राहून ते सगळं बघत होती. फाटकाबाहेरून सदाशिवरावांना त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही. फक्त दिसलं की मुख्याध्यापिका बोलत होती आणि सून मान वर ठेवून उभी होती.

त्यांनी कार्तिकेयला घरी जाऊ दिलं नाही. दिवसभर दोघं गाडीत, शाळेसमोर. समोरच तंजावूरच्या बसचा थांबा होता. बस यायची, जायची, आणि सदाशिवराव प्रत्येक बसकडे वैऱ्यासारखं पाहायचे. दुपारी त्यांनी बोटाला चिंधी बांधली. कार्तिकेयनं दोनदा उतरून चकत्या उघडबंद करून पाहिल्या. त्या आता नुसत्या बोटांनी फिरत होत्या.

शाळा सुटली. भुवना मुलींच्या घोळक्यातून आली आणि थांब्याजवळ उभी राहिली. बस आली. सदाशिवरावांनी मान फिरवली. बस निघून गेली तेव्हा भुवना गाडीचं मागचं दार उघडत होती. नवऱ्याशेजारची जागा तिनं सासऱ्यांना दिली.

सांगितलं ते सासऱ्यांनाच. आजचा उशीर हजेरीत मांडलाय. आणखी दोनदा झाला की नोकरी गेली. सदाशिवराव म्हणाले, मी तो रंगाचा डबा कालव्यात टाकतो. "का? पुढच्या वर्षी लावा की," ती म्हणाली. "चाकाला लावा. चकतीला नको." पाऊस परत जोरात आला.

फाट्यावर चिंचेखाली कार्तिकेयनं गाडी उभी केली. समोर डांबरी सडक ओली, काळी, सरळ तंजावूरपर्यंत. डावीकडे चिखल. मागं वळून न पाहता, काचेवर हलणाऱ्या पुसणीकडे बघत तो म्हणाला, "आज मी आईला सांगतों. नोकरी सोड म्हणून परत म्हणायचं नाही, असं. तूं समोर अस, मागं नाही सांगणार." मग पुढं म्हणाला, "तुला तंजावूरला जायचं असलं तर तिकडे सोडतों. पाणी साचलंय, पण सडकेवर दोन चाकं पुरतात."

पुढच्या जागेवर सदाशिवराव पायांमधली कळकाची काठी दोन्ही हातांनी धरून बसले होते. त्यांना मागं बघायची हिंमत नव्हती. भुवना चिंचेवरून गाडीच्या टपावर पडणारं पाणी ऐकत राहिली.

"उतरा," ती शेवटी नवऱ्याला म्हणाली. "चकत्या फिरवून या."

कार्तिकेय पोतंही न घेता पावसात उतरला आणि चाकाशी वाकला.